गाडीचा ब्लोअर बंद पडलाय? मोटर बदलायच्या आधी या काकांना दाखवा

नाशिकला पंचवटीत एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, छोटंसं दुकान, बाहेर दोन गाड्या लागल्या की तिसरी रस्त्यावरच उभी करावी लागते, पण जुन्या गाडीच्या इलेक्ट्रिकल कामासाठी मला आत्तापर्यंत भेटलेला सगळ्यात चांगला माणूस हाच. ब्लोअरचं (हीटर-एसीची हवा आत फेकणारा पंखा) काम करून घेतलं, त्याबद्दल सविस्तर लिहितोय, कारण जुन्या गाड्यांना हा प्रॉब्लेम येतोच आणि बहुतेक ठिकाणी सरळ मोटर बदला म्हणून सांगतात.

आमची गाडी 2008 ची पेट्रोल हॅचबॅक. हीटर लावला की 1, 2, 3 नंबरवर पंखा मेल्यासारखा, हवाच नाही, फक्त 4 वर चालायचा. नंतर नंतर 4 वर पण मंद फिरायला लागला, मधेच बंद पडायचा आणि ग्लोव्ह बॉक्सवर हाताने मारलं की परत सुरू. आता कोणी म्हणेल महाराष्ट्रात हीटर लागतो कशाला, तर त्यांनी डिसेंबर-जानेवारीत पहाटे निफाड साइडला गाडी चालवून बघावी. आणि थंडीचं एक वेळ सोडा, हाच पंखा एसीला पण असतो आणि काचेवर हवा मारायला पण हाच. पावसाळ्यात कसारा घाटात काच आतून धुरकट झाली आणि ब्लोअर चालत नसेल तर समोरचा ट्रक दिसत नाही हो, घरची माणसं गाडीत असताना फार भीती वाटते. त्यामुळे हे काम ढकलायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी एका गॅरेजला दाखवली (नाव लिहीत नाही). त्यांनी मीटर लावला, मोटरच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) 12 व्होल्ट येतायत म्हणाले, म्हणजे करंट येतोय, म्हणजे मोटर गेली, नवीन टाका, लेबर धरून 6,500. वर 20 अँपियरचा फ्यूज काढून 30 चा टाकून दिला, 'आता त्रास नाही देणार' म्हणून. मोटर लगेच बदलली नाही कारण 4 वर चालणारी मोटर गेली कशी हे मला काही पटत नव्हतं.

काकांनी गाडी बघायच्या आधी विचारलं की कुठल्या नंबरवर चालतो, कुठल्या नंबरवर नाही, आवाज येतो का, जळका वास येतो का, गाडी कुठे उभी असते. सगळं ऐकून म्हणाले, "1, 2, 3 बंद आणि 4 चालू म्हणजे रेझिस्टर गेलाय, पण 4 पण अडतोय म्हणजे दुसरं पण काहीतरी आहे, दोन्ही शोधू." रेझिस्टर म्हणजे करंट अडवून पंखा हळू करणारा भाग. जुन्या गाड्यांमधे कमी स्पीडला करंट त्याच्यातून जातो आणि फुल स्पीडला रेझिस्टर सोडून डायरेक्ट, म्हणून रेझिस्टर उडाला की फक्त शेवटचा स्पीड उरतो. आणि कुठल्याच नंबरवर काही नसेल तर मग आधी फ्यूज, रिले, स्विच असं बघत यायचं. पंखा जोरात आहे पण हवा गारच येतेय तर मात्र तो इलेक्ट्रिकचा विषय नाही, कूलंट कमी आहे का, थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय का, ते मेकॅनिकला दाखवा असं ते सरळ सांगतात.

सगळ्यात पहिलं त्यांनी तो 30 चा फ्यूज काढला. त्यावर जरा चिडलेच. फ्यूज मोटरसाठी नसतो, वायरीसाठी असतो, 20 अँपियरच्या वायरीला 30 चा फ्यूज लावला तर फ्यूजच्या आधी वायर जळते आणि ती डॅशबोर्डच्या आत जळते, हे त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या पोराला पण परत परत सांगितलं.

मग जे केलं ते मी पहिल्यांदाच बघितलं. मोटरचं कपलर काढलं, स्विच 4 वर, मीटर लावला, 12.3. मला वाटलं झालं, आता हे पण मोटरच म्हणणार. पण त्यांनी इंडिकेटरला लागतो तो 21 वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी सोल्डर केलेल्या, तो त्याच दोन पिनांवर लावला. बल्ब पेटला पण नुसता तांबूस, अगदी निखाऱ्यासारखा. मग पॉझिटिव्ह पिन तशीच ठेवून दुसरी वायर गाडीच्या बॉडीला पत्रा घासून टेकवली तर बल्ब फक्क पांढरा. तिथेच ते म्हणाले, "पॉझिटिव्ह ठीक आहे, अर्थिंग खराब आहे." अर्थिंग म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट. मीटर जवळपास करंट ओढतच नाही म्हणून खराब कनेक्शनवर पण तो पूर्ण 12 दाखवतो, बल्ब पावणेदोन अँपियर मागतो तेव्हा खरं काय ते कळतं. म्हणजे आधीच्या ठिकाणचं 12 व्होल्टचं रीडिंग खोटं नव्हतं, पण त्यावरून मोटर गेली असं म्हणता येत नाही. ब्लोअरच्या कामासाठी कुठेही गेलात तर लोड देऊन (म्हणजे असा बल्ब लावून) चेक करतायत का एवढं नक्की बघा, माझ्या मते चांगला इलेक्ट्रिशियन आणि नुसता पार्ट बदलणारा यातला फरक इथेच दिसतो.

डाव्या बाजूला पायाजवळचं प्लास्टिक काढलं तर अर्थिंगचा बोल्ट सापडला, थिंबलवर (वायरीच्या टोकाची धातूची रिंग) पांढरी-हिरवी बुरशी चढलेली आणि खालचं कार्पेट दमट. बल्ब चालू ठेवून थिंबल आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधे मीटर लावला तर जिथे जेमतेम शून्य यायला पाहिजे तिथे 4 व्होल्ट! ग्लोव्ह बॉक्सवर मारल्यावर पंखा का चालायचा ते पण समजलं, ढिलं कनेक्शन हलून थोडा वेळ जुळत होतं.

आणि पाणी कुठून आलं? गाडी गुलमोहराखाली लागते. त्याची ती बारीक पानं समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत जातात, पाणी जायची भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी पायाशी उतरतं. काकांनी जाळी काढून दाखवली, आत अक्षरशः काळा लगदा. मग ग्लोव्ह बॉक्स काढून खालचे तीन स्क्रू सोडून मोटर खाली घेतली (अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागेल असं आधीच्या ठिकाणी सांगितलेलं, तसं काही नव्हतं), पंख्याच्या जाळीदार पात्यांमधे तीच पानं गच्च बसलेली. रेझिस्टर पण त्यामुळेच उडाला. तो हवेच्या वाटेतच बसवलेला असतो कारण पंख्याच्या हवेनेच तो थंड राहतो, पंखा जड झाला की मोटर जास्त करंट ओढते आणि हवा कमी मिळते, मग त्याच्यातला थर्मल फ्यूज जातो. नुसता रेझिस्टर बदलून पाठवलं असतं तर नवीन पण उडाला असता.

पात्या साफ केल्या, बुशला तेलाचा थेंब दिला, कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) बघितले, अजून बरेच शिल्लक आहेत म्हणाले. थिंबल नवीन क्रिंप केलं, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करून बोल्ट घट्ट केला आणि वरून ग्रीस. काचेखालची भोकं पण मोकळी केली. त्यांच्याकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आहे (साधा क्लॅम्प मीटर घरच्या लाइटचा करंट मोजतो, गाडीचा नाही), पानं काढायच्या आधी डायरेक्ट बॅटरीवर मोटर 17 अँपियर घेत होती, साफ केल्यावर 11. मोटर तीच, माझीच जुनी.

बिल 1,850 झालं, त्यात 400 चेकिंगचे, बाकी रेझिस्टर, 20 चा फ्यूज आणि लेबर. चेकिंगचे पैसे काम केलं नाही तरी द्यावे लागतात, काही लोकांना ते आवडत नाही असं बघितलं, पण मला ते योग्य वाटतं, शोधायलाच सगळा वेळ आणि डोकं लागतं, पार्ट बसवणं दहा मिनिटांचं असतं. जुना रेझिस्टर न मागता हातात दिला.

आता न आवडलेल्या गोष्टी. फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर नाही, जाऊनच नंबर लावावा लागतो. बसायला जागा नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. ज्या नवीन गाड्यांमधे ऑटोमॅटिक क्लायमेट, म्हणजे आपोआप तापमान सांभाळणारा एसी असतो, त्यात रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, ती कामं ते घेत नाहीत, दुसरीकडे पाठवतात. रविवारी बंद.

ब्लोअर आता चारही नंबरवर चालतो, 1 वर एकदम हळू आणि आवाज न करता, जसा गाडी नवीन असताना चालायचा. आईला पुढच्या सीटवर पायाला ऊब लागते, तिला फार बरं वाटलं.

जाणार असाल तर सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जा, ग्लोव्ह बॉक्स आधीच रिकामा करून ठेवा आणि कुठल्या नंबरवर काय होतं ते घरूनच नीट बघून जा, काका पहिला प्रश्न तोच विचारतात.