बिलातली रक्कम कशात ठेवायची: पैशांत, दशांशात की अपूर्णांकात?

नवी पेठेतल्या एका चादरीच्या दुकानासाठी माझा भाचा बिलाचा प्रोग्राम लिहितोय. परवा म्हणाला, "मामा, रक्कम दशांशात ठेवू, की सगळ्याचे पैसे करून पूर्णांकात?" प्रश्न कॉम्प्युटरचा वाटला तरी मुळात तो शाळेतल्या संवृततेचा आहे. संचातल्या दोन संख्या घ्यायच्या, क्रिया करायची आणि उत्तर त्याच संचात पडतं का ते बघायचं. पडत असेल तर संच त्या क्रियेसाठी संवृत. म्हणून मी त्याला उलट विचारलं, बिलात तू क्रिया कुठल्या करणार आहेस बे?

नैसर्गिक संख्या पहिल्या फटक्यातच बाद. बेरीज-गुणाकार निभतो, पण सकाळी 3 चादरी विकल्या आणि दुपारी आधीच्या 5 परत आल्या की वजाबाकी संचाबाहेर जाते. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये अशा शून्याखाली जाणाऱ्या संख्यांचे नियम दिले तेव्हा शब्दच धन आणि ऋण असे वापरले. दुकानदाराला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

पूर्णांक, म्हणजे सगळी रक्कम पैशांत. बेरीज, वजाबाकी, गुणाकार तिन्हींसाठी संवृत. अडतं ते भागाकाराला आणि टक्केवारीला. 349 रुपयांच्या चादरीवर पाच टक्के कर धरू, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. एक भाग होतो 872.5 पैसे. अर्धा पैसा संचात नाही. दोन्ही भाग वर ढकलले तर 8.73 अधिक 8.73, म्हणजे 17.46. खरा कर 17.45. एका चादरीमागे एक पैसा, आणि संध्याकाळी रोकड जुळवणारा दिवाणजी त्या पैशासाठी घरी जाऊ देत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. आणखी एक: 32 बिटांचा, म्हणजे 0-1 च्या 32 घरांत मावणारा, पूर्णांक घेतला तर 2147483647 पैशांपुढे, म्हणजे साधारण 2 कोटी 14 लाख रुपयांपुढे बेरीजही संचात मावत नाही. वर्षाची उलाढाल तिथे सहज पोचते. 64 बिट घे, विषय संपला.

आता दशांश. कागदावरचे संपणारे दशांश तीन क्रियांना संवृत आहेत. 100 ला 3 ने भागलं की फुटतात. पण प्रोग्राममधला दशांश कागदावरचा नसतो. आत तो बहुधा द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून लिहिलेला असतो आणि तिथे 0.1 नेमका लिहिताच येत नाही. 0.1 अधिक 0.2 करून बघ, 0.30000000000000004 येईल. गंमत अशी की हा संच वरवर संवृतच दिसतो. उत्तर बाहेर पडलं की शेजारच्या संख्येवर गुपचूप नेऊन बसवतात, तक्रार येतच नाही. पूर्णांक निदान अडतो तिथे बाकी दाखवतो. हिशेबाच्या कामात मला अडणारा चालेल, गप्प राहणारा नको.

अपूर्णांक, म्हणजे परिमेय संख्या, दिसायला सगळ्यांत देखण्या. शून्याने भागणं सोडलं तर चारही क्रिया घरातच. तो 872.5 पैशांचा कर 349/40 रुपये राहतो, दुप्पट केला की 349/20, बरोबर 17.45. पण छेद फुगतात. सातवा, अकरावा आणि तेरावा भाग मिळवला की छेद 1001 होतो, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात काही 349/40 रुपये देता येत नाहीत. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 2011 सालीच बंद झाली.

अपरिमेयांचा, म्हणजे अपूर्णांकात लिहिता न येणाऱ्या √2 सारख्या संख्यांचा, मोह कुणाला पडणार नाही, पण सांगून ठेवतो: तो संच गुणाकारालासुद्धा संवृत नाही. √2 गुणिले √2, आले 2. चादरीचा कर्ण मोजायचा असेल तेव्हा बघू.

भाच्याला मी सांगितलं ते असं. खातं पैशांत, पूर्णांकात. दर काढताना मधल्या पायऱ्या अपूर्णांकात चालतील. कर आधी पूर्ण काढ, 1745 पैसे, मग दोन भाग कर: 873 आणि 872. तीन भागीदारांत 10000 पैसे वाटायचे तर 3333 प्रत्येकी, बाकी 1, आणि तो एक पैसा कुणाच्या नावे टाकायचा हे आधी दुकानमालकाकडून लिहून घे. ते तेवढं अजून झालेलं नाही. तिघे भाऊ आहेत.