बी-पेशी मारायच्या तर सॅपोरिन की एमएमएई?

तुर्भ्याला आमच्या लॅबमध्ये प्रकल्पाला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘ताई, रक्तातल्या फक्त बी-पेशी मारायच्यात. अँटिबॉडीला सॅपोरिन जोडलेलं घेऊ की एमएमएई?’ बी-पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. सॅपोरिन आणि एमएमएई ही विषं; अँटिबॉडी नेमक्या पेशीला चिकटते आणि जोडलेलं विष तिच्यापर्यंत नेते.

रक्तदात्याच्या ताज्या पेशी असतील तर मी सॅपोरिन म्हणते. एमएमएई हा छोटा रेणू, पेशीला विभागताना लागणाऱ्या सूक्ष्मनलिका तो मोडतो, म्हणजे घाव मुख्यतः विभागणाऱ्या पेशींवर बसतो. रक्तातल्या बहुतेक लिंफोसाइट (बी- आणि टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) निवांत असतात, विभागत नाहीत. सॅपोरिन हे सॅपोनारिया या वनस्पतीच्या बियांतलं प्रथिन. ते आत शिरून रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएमधलं एक अ‍ॅडेनिन काढून टाकतं. प्रथिनं बनणं थांबतं, पेशी विभागत असो वा नसो. शिवाय एमएमएई मेलेल्या पेशीतून झिरपून शेजारच्या पेशीलाही मारू शकतं. सॅपोरिन मोठं, ते पेशीच्या पडद्यातून आपसूक आत जात नाही. टी-पेशी शाबूत हव्या असतील तर हे फार मोलाचं आहे. मात्र ७२ तास थांबा. २४ तासांनी प्लेट पाहून दोन मुली रडकुंडीला आल्या होत्या, तिसऱ्या दिवशी त्याच खणांत पेशी मेलेल्या दिसल्या.

विषापेक्षा लक्ष्य नीट निवडा. सीडी२० आणि सीडी२२ ही बी-पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं. सीडी२० वर बसलेली अँटिबॉडी बरीचशी पृष्ठभागावरच राहते, सीडी२२ वरची लवकर आत ओढली जाते. सॅपोरिन आत गेलं नाही तर पैसे पाण्यात.

ठाणे-बेलापूर रस्त्याकडेचा एरंड पाहून त्याच्या बियांतलं विष, रायसिनही सुचतं कुणाला. नाही म्हणजे नाही. त्याची बी-साखळी जवळपास कुठल्याही पेशीच्या शर्करेला चिकटते, आणि रासायनिक शस्त्रबंदी करारात ते पहिल्या यादीत आहे. नुसती ए-साखळी, म्हणजे रायसिनचा विषारी भाग, जोडलेल्या अँटिबॉडी रुग्णांना देऊन झाल्या, तेव्हा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा त्रास आडवा आला. वनस्पतीचं प्रथिन परकं, शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, मग पुढचे डोस निकामी होतात. उलट एमएमएई जोडलेल्या ब्रेंटक्सिमॅब वेडोटिन या कर्करोगावरच्या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा प्रकल्पाचा रोख उपचाराकडे असेल तर विभागणारी कर्करोगाची पेशीरेषा घ्या आणि एमएमएई निवडा.

काहीही निवडलंत तरी प्लेटमध्ये एक रांग राखून ठेवा: कशालाच न चिकटणारी अँटिबॉडी, तिला तेच विष, तेवढाच डोस. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी लक्ष्य नसतानाही अँटिबॉडीला शेपटीकडून धरून गिळतात. त्या रांगेतही पेशी मेल्या, तर तुमच्या सीडी२२ च्या आकड्यांवर मी सही करणार नाही.