पुणे–दिल्ली, नऊ महिने: माझं भांडण विमानातल्या सीटच्या खिशाशी आहे

गेल्या शुक्रवारी दिल्लीहून परतताना विमान दारं लावून दीड तास जागेवरच उभं होतं. पुढे दोन तासांचा प्रवास. लोहगावला उतरलो तेव्हा उजवा गुडघा सरळच होईना. कामापायी नऊ महिने, महिन्यातून दोनदा ही फेरी चालू आहे, आता लिहितोच.

माझी उंची पाच फूट अकरा इंच. सुरुवातीचे तीन-चार महिने सगळा दोष मी पिचला, म्हणजे एका सीटपासून पुढच्या सीटवरच्या त्याच जागेपर्यंतच्या अंतराला, देत होतो. एकदा टेप लावून मोजलंसुद्धा, २८ इंचांच्या आसपास भरलं. पण पिच म्हणजे पायांची जागा नव्हे, त्यात सीटच्या पाठीची जाडीही धरलेली असते. पाठ पातळ असली की त्याच २८ इंचांत गुडघे मावतात.

खरा त्रास पुढच्या सीटच्या खिशाचा. जुन्या सीटला तो नेमका गुडघ्यासमोर येतो. त्यात सेफ्टी कार्ड, मेनू आणि कुणीतरी कोंबलेली अर्धी पाण्याची बाटली. शुक्रवारी खिसा रिकामा करायचं राहिलं आणि त्या बाटलीचं झाकण साडेतीन तास गुडघ्याच्या वाटीवर दाबत होतं. नव्या पातळ सीटला हाच खिसा ट्रेच्या वर नेलाय. तेवढ्यानं चांगली दोन बोटं जागा मिळते. गादी कडक आहे, तासाभरात कंबर धरते, तरी मी तीच सीट घेईन.

मध्यंतरी वैतागून सातशे रुपये जादा भरले आणि पहिली रांग घेतली. पाय मोकळे झाले, पण समोर सीट नाही म्हणून ट्रे आर्मरेस्टमध्ये. ते आर्मरेस्ट जाड, वर उचलता येत नाहीत, बसायची रुंदी कमी. पायाशी बॅगही ठेवू देत नाहीत. सातशे रुपये अक्षरशः पाण्यात.

तेव्हापासून रुंदीही बघायला लागलो. एअरबस ए३२० ची केबिन आतून ३.७० मीटर रुंद, बोइंग ७३७ ची ३.५४. दोन्हीकडे एका रांगेत सहा सीट. फरक १६ सेंटिमीटरचा, म्हणजे माणशी जेमतेम इंच. पण भरलेल्या विमानात मधल्या सीटवर तो इंच खांद्याला कळतो. तिकीट काढताना विमान कोणतं ते दिसतं, त्याला पैसे पडत नाहीत. आधी ते बघा.

विमान कंपनीला खिशाबद्दल दोनदा ईमेल केला. पुढच्या वेळी जादा जागेची सीट घ्या, असं उत्तर आलं. मला जादा जागा नकोय, तो खिसा वर हवाय.