बॉक्स नवा, नंबरही जुळला, तरी कॅमेरा आधीच उघडलेला होता

पुण्यात राहून डायव्हिंग करणाऱ्या आणि पाण्याखालच्या फोटोंसाठी छोटा कॅमेरा शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. ‘सीलपॅक इम्पोर्ट पीस’ म्हणून मला विकलेला कॅमेरा आधी कोणीतरी उघडलेला, पुन्हा चिकटवलेला आणि खोट्या नंबराचं स्टिकर लावलेला निघाला. समुद्रात जेमतेम आठ मीटरवर त्यात पाणी शिरलं. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे आणि निकाल लागायचा आहे. फसवण्याची पद्धत मात्र सगळ्यांना कळायलाच हवी.

आधी थोडं कॅमेऱ्याबद्दल, कारण फसवायला जागा कुठे मिळते ते त्याशिवाय लक्षात येणार नाही. आपल्याकडचे बहुतेक जण मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली जातात. मग मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, गोव्याचं ग्रँड आयलंड, आणि पैसे साठले की अंदमान. मोबाइलच्या प्लॅस्टिक पाऊचवर फार काळ भागत नाही. मोठा कॅमेरा न्यायचा तर त्याच्या हाउसिंगची, म्हणजे बाहेरून घालायच्या पाणीबंद कवचाची, किंमत कित्येकदा कॅमेऱ्यापेक्षा जास्त असते. म्हणून माणूस कॉम्पॅक्टकडे वळतो. तिथे दोन वाटा आहेत. सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्स यांसारखा एक इंची सेन्सरचा कॅमेरा घ्यायचा आणि त्याला हाउसिंग घालायचं; त्याचे फोटो सुंदर येतात, पण हाउसिंगशिवाय त्याला पाण्याचा थेंबही चालत नाही. नाहीतर मुळातच पाण्यासाठी बनवलेला ‘टफ’ घ्यायचा. त्यात ऑलिंपसचा टीजी-६ हा २०१९ चा, आणि ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीकडे गेल्यानंतर २०२३ मध्ये ओएम सिस्टम या नावाने आलेला टीजी-७. सेन्सर लहान, पण एक सेंटिमीटरवरून फोकस होणारा मायक्रोस्कोप मोड आहे. नखाएवढी न्यूडीब्रँक (शंख नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय) टिपायला मला तोच हवा होता, म्हणून मी टीजी-६ ठरवला.

हा कॅमेरा हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो, हाउसिंग घातलं की ४५ मीटरपर्यंत. ओपन वॉटर या डायव्हिंगच्या पहिल्या परवान्याची मर्यादा १८ मीटर आहे, म्हणजे नवशिक्या डायव्हरच्या आधी कॅमेऱ्याची हद्द संपते. दर १० मीटरला पाण्याचा दाब हवेच्या दाबाएवढा वाढत जातो, त्यामुळे ही दोन-तीन मीटरं किरकोळ नसतात. दुकानदाराने मात्र मला काउंटरवर सांगितलं, “ताई, तीस मीटर बिनधास्त जा. वॉटरप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ.” बॉक्सवरचा १५ चा आकडा दाखवल्यावर म्हणाला, “कंपनी नेहमी कमीच लिहिते.” हे धादांत खोटं आहे आणि जिवावर बेतणारंही, कारण कॅमेरा वाचवायच्या गडबडीत डायव्हर घाईने वर येतो. फ्लॅशबद्दलही तेच. पाच मीटरच्या पुढे लाल रंग झपाट्याने नाहीसा होतो, सगळं हिरवं-निळं दिसायला लागतं, आणि आतला फ्लॅश मारला तर पाण्यातला कण न् कण चमकून फोटोभर पांढरे ठिपके येतात. त्यासाठी बाजूला धरायचा वेगळा दिवा किंवा स्ट्रोब लागतो. तो म्हणाला, “फ्लॅश इनबिल्ट आहे की, वेगळा कशाला घेता?” असं सांगणारा माणूस पाण्याखालचा कॅमेरा विकत असेल तर तिथून उठावं.

पण पुण्यात हा कॅमेरा दुकानात मांडलेला फारसा दिसत नाही. चार ठिकाणी ‘मागवून देऊ’ ऐकल्यावर पेठेतल्या या दुकानात हातात मिळाला. ३४,५०० रुपये. आधी त्याने वहीच्या कागदावर कच्चं बिल केलं. मी जीएसटीचं बिल मागितलं, त्यावर सिरीयल नंबर लिहून मागितला आणि बॉक्सवरचा नंबर कॅमेऱ्याच्या अंगावरच्या नंबराशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले. बॉक्सवर प्लॅस्टिकचं वेष्टण होतं, कॅमेऱ्याच्या बॅटरी आणि केबलच्या दारांच्या कडांना निळी चिकटपट्टी होती, पडद्यावर पातळ फिल्म होती. नव्या वस्तूची सगळी लक्षणं होती. ही लक्षणंही विकत मिळतात, हे मला नंतर कळलं.

एक गोष्ट बॉक्सवर नव्हती: आयातदाराचं स्टिकर. परदेशातून आलेल्या कुठल्याही बंद पॅकवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असणं कायद्याने बंधनकारक आहे. विचारलं तर तो म्हणाला, “दुबईहून डायरेक्ट येतो, म्हणून तर स्वस्त पडतो.”

घरी येऊन कोरं कार्ड घातलं आणि पहिला फोटो काढला. ऑलिंपसच्या फोटोच्या नावात आधी महिना आणि तारीख असते, शेवटी चार आकडी क्रमांक. माझ्या पहिल्या फोटोचा क्रमांक ३१८७ होता. मोजणीचं सेटिंग ‘ऑटो’वर असेल तर कार्ड बदललं तरी कॅमेरा आपली मोजणी पुढे चालू ठेवतो. म्हणजे या कॅमेऱ्याने आधी तीन हजारांवर फोटो काढलेले होते. मी त्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट त्याच वेळी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर आलं: “फॅक्टरी टेस्टिंगचे फोटो आहेत ताई. पीस १००% नवा. काही झालं तर बदलून देणार.” ते उत्तर आज तक्रारीला जोडलेलं आहे.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उतरलो. उतरण्याआधी दोन्ही दारांच्या रबरी गॅस्केटवरून भिंग फिरवून केस, वाळूचा कण काही अडकलेलं नाही ना ते पाहिलं, दोन्ही लॉक लावले. सहा मीटरपर्यंत ठीक होतं. एका खडकाच्या कपारीत सिंहमासा होता, त्याचे फोटो घेतले. मग पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात काचेच्या आतून धुकं धरलं, बघता बघता त्याचा थेंब झाला, आणि पडदा काळा पडला. वर आल्यावर बटणाकडे हात जाताच होडीवरचे दादा ओरडले, “चालू करू नका ताई, आधी बॅटरी काडा!” खाऱ्या पाण्यात लिथियम बॅटरी शॉर्ट होऊन तापते, म्हणून हे आधी करायचं. दारांचे गॅस्केट कोरडे होते. पाणी दारांतून आलंच नव्हतं.

पुण्यात परत आल्यावर दुकानात ‘बदलून देणार’चं ‘पाणी गेलं तर वॉरंटी नसते’ झालं. कुठल्या कुठे खोल नेला असेल, दार नीट लावलं नसेल, असं सगळं माझ्यावरच आलं. बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं आहे, तेही बोट ठेवून दाखवलं. वाद न घालता मी कॅमेरा घेऊन सदाशिव पेठेत गेले. तिथे एक काका वर्षानुवर्षं कॅमेरे दुरुस्त करतात.

त्यांनी भिंगाखाली स्क्रू दाखवले. खाचांच्या कडा झिजलेल्या होत्या आणि एका स्क्रूच्या जागी लांबी कमी असलेला दुसराच कुठला तरी स्क्रू बसवलेला होता. “हा माझ्या आधी कोणीतरी उघडलाय,” ते म्हणाले. मग त्यांनी मला व्हिडिओ चालू करायला सांगितलं आणि मागची काच सोडवली. कंपनीचा सलग सील तिथे नव्हता. मोबाइलच्या काचा बदलताना लावतात तशी काळी दुहेरी चिकटपट्टी होती, कोपऱ्यांत तुकडे जोडून बसवलेली, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन तुकड्यांमध्ये फट राहिली होती. धुकं पहिल्यांदा धरलं होतं ते तिथेच. नळाखाली किंवा बादलीत ही पट्टी तग धरते. आठ मीटरवर दाब जमिनीवरच्या जवळपास पावणेदोन पट होतो, तिथे ती सुटते. कंपनीत सील बसवल्यावर कॅमेरा दाबाखाली तपासतात. पेठेतल्या टेबलावर तसं काही होत नाही. म्हणून एकदा उघडलेल्या कॅमेऱ्यावरचा १५ मीटरचा आकडा नुसता छापील राहतो.

मग नंबराचा विषय. कार्ड वाचलं होतं. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा स्वतःचा सिरीयल नंबर लिहून ठेवतो. एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फोटो उघडला की तो दिसतो. माझ्या फोटोंतला नंबर बॉक्सवरच्या आणि अंगावरच्या नंबराहून वेगळा होता. खात्री करायला माझ्या डायव्हिंगच्या मैत्रिणीचा टीजी-६ तपासला; तिचा बॉक्स, कॅमेरा आणि फोटो, तिन्हीकडे एकच नंबर. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याच्या अंगावरचं स्टिकर दुसऱ्याच बॉक्सशी जुळवून छापलेलं होतं. मी बॉक्स आणि अंग ताडून पाहणार, हे विकणाऱ्याला ठाऊक होतं आणि त्याची तयारी त्याने आधीच केलेली होती. ज्या नंबराला त्याचा हात पोचला नाही तो फोटोच्या आत होता.

म्हणून हात जोडून सांगते: कॅमेरा घेताना स्वतःचं कोरं कार्ड खिशात ठेवा. पैसे द्यायच्या आधी दुकानातच एक फोटो काढा, फाइलचा क्रमांक बघा, फोटो मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर घेऊन आतला सिरीयल नंबर बॉक्सशी आणि अंगाशी ताडा. जो विक्रेता कार्ड घालू देत नाही, सील तुटेल म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका. पैसे मोजणारे तुम्ही आहात, सील तुमच्यासमोर तुटायलाच हवं. सेकंडहँड घेत असाल तर हे दुप्पट लागू. आणि सेकंडहँड टफ कॅमेरा तर हाउसिंगशिवाय पाण्याखाली नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हाउसिंगही आधी कॅमेऱ्याशिवाय रिकामं, आत टिश्यू पेपर ठेवून एका डाइव्हला न्यायचं. टिश्यू कोरडा आला तर पुढच्या वेळी कॅमेरा.

‘खोल नेला असेल’ या आरोपाला उत्तर माझ्या मनगटावरच होतं. डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये त्या डाइव्हची कमाल खोली ८.२ मीटर नोंदलेली आहे. टीजी-६ मध्ये दाब मोजणारा सेन्सरही असतो, त्यामुळे शेवटच्या फोटोंबरोबर खोलीची नोंद आहे आणि ती कॉम्प्युटरशी जुळते. कॅमेरा बिघडला तर आपला डाइव्ह लॉग पुसू नका, कार्ड फॉरमॅट करू नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मी आधी तक्रार नोंदवली. दुकानाने ‘ग्राहकाची हाताळणी चुकीची’ एवढं उत्तर दिलं. मग जिल्हा आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. त्याच कायद्यात असंही आहे की सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्या ‘परत घेतला जाणार नाही’ला घाबरून घरी बसू नका.

आयोगाची नोटीस गेल्यावर दुकानदाराचा फोन आला. “ताई, कशाला वाढवता? अर्धे पैसे देतो, कॅमेरा बॉक्ससकट इथे आणून द्या.” पैशांपेक्षा त्याला कॅमेरा आणि बॉक्स परत हवे आहेत, हे मला तेव्हा कळलं. तो पुन्हा सुकवून, पट्टी लावून, निळ्या टेपसह कोणाला तरी दिला जाणार, आणि घेणारा बहुधा पहिल्यांदाच समुद्रात उतरणारा एखादा मुलगा असणार. मी नाही म्हणाले. कॅमेरा, ती फाटकी चिकटपट्टी, तोकडा स्क्रू आणि काकांनी सही करून दिलेला अहवाल आयोगापुढे ठेवला आहे. गेल्या वर्षभरात पेठेतून आयातदाराच्या स्टिकरशिवाय टफ कॅमेरा कोणी घेतला असेल, तर ऑक्टोबरात मालवणचं पाणी निवळायच्या आधी घरच्या घरी एका फोटोतला नंबर तपासून घ्या, आणि तो बॉक्सशी जुळला नाही तर कॅमेरा दुकानात परत न देता आधी तक्रार नोंदवा.