तलावाच्या तळावरचा रोबो: दोन वर्षांच्या वापरानंतर

पुण्यात बाणेरला आमच्या सोसायटीचा जलतरण तलाव १५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. खोली एका टोकाला १.२ मीटर, तर दुसऱ्या टोकाला १.५ मीटर, म्हणजे पाणी सुमारे १ लाख २० हजार लिटर. तळ आणि भिंती काचेच्या मोझेक टाइल्सच्या आहेत आणि काठावर एक गुलमोहर व दोन सोनमोहोर उभे आहेत. या झाडांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण स्वच्छतेचे यंत्र निवडताना तलावाच्या मापाइतकाच विचार त्यात काय पडते याचाही करावा लागतो. व्यवस्थापन समितीत तलावाची जबाबदारी माझ्याकडे असल्याने दोन वर्षांपूर्वी सध्याच्या स्वयंचलित रोबोची निवड मीच केली आणि त्याची देखभालही मी जवळून पाहत आलो आहे.

यंत्र येण्याआधी आमचे ऑपरेटर दादा आठवड्यातून तीनदा हाताने व्हॅक्यूम मारत असत. लांब दांडा, त्याला चाकांचे हेड, त्यामागे लवचिक होज आणि ती भिंतीतल्या सक्शन पॉइंटला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या तोंडाला, जोडलेली, अशी ती व्यवस्था. काम चोख होई, पण सगळा गाळ वाळूच्या फिल्टरमध्ये जाऊन बसे आणि मग बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुण्याचे काम, करावा लागे. आमचा पंप तासाला सुमारे २० हजार लिटर पाणी फिरवतो, त्यामुळे ५ मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये दीड हजार लिटरहून अधिक पाणी गटारात जाते. पावसाळ्यात गाळ जास्त झाला की तो फिल्टरला न देता थेट बाहेर सोडावा लागे. असे अर्धा तास व्हॅक्यूम मारले की १० हजार लिटर, म्हणजे पुरा एक टँकर, संपलेला असे. ज्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे पाहवत नव्हते. यंत्र घेण्याचे आमचे खरे कारण हेच होते. मनुष्यबळाची बचत हा हेतू नव्हता.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला सक्शनवर चालणारा. १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए यांनी तयार केलेला ‘क्रीपी क्रॉली’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. तो स्वस्त आणि साधा असतो, पण गाळ शेवटी वाळूच्या फिल्टरमध्येच ढकलतो, त्यामुळे आमचा प्रश्न तिथेच राहिला असता. दुसरा प्रकार दाबाच्या पाण्यावर चालतो. त्याला बहुतेक वेळा वेगळा बूस्टर पंप आणि त्याची स्वतंत्र लाइन लागते. बांधून झालेल्या तलावासाठी फोडाफोड करण्यात अर्थ नव्हता. तिसरा विजेवर चालणारा रोबो, ज्याची मोटर, ब्रश आणि फिल्टर त्याच्या पोटातच असतात आणि जो पंपरूमशी कसलाही संबंध न ठेवता स्वतःचे काम स्वतः करतो.

रोबोमध्येही बिनतारी आणि केबलचा असे दोन पर्याय आहेत आणि इथे आमची पहिली चूक झाली. बिनतारी यंत्र हाताळायला सोपे म्हणून समितीने आधी तेच घेतले. सुरुवातीला बॅटरी दीड तास टिकत असे. वर्ष-सव्वा वर्षात ती जेमतेम ३५ मिनिटांवर आली आणि यंत्र अर्धा तळ झाडून मध्येच थांबू लागले. बॅटरी सीलबंद असल्याने ती इथे बदलून मिळेना आणि विक्रेत्याने यंत्र परत पाठवायला सांगून आम्हाला तीन महिने ताटकळत ठेवले. घरगुती, लहान तलावाला बिनतारी यंत्र पुरेसे होईल. पण सोसायटीच्या, रोज वापराच्या तलावाला केबलचाच रोबो घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

नंतर घेतलेला रोबो सुमारे १० किलो वजनाचा आहे. त्याला १८ मीटर केबल असून तिच्यातला पीळ निघावा म्हणून फिरती जोडणी दिलेली आहे. एक फेरी दोन तासांची असते. तो २०० वॉटपेक्षा कमी वीज घेतो, म्हणजे एका फेरीला अर्धे युनिटही लागत नाही. किंमत दीड लाखाच्या घरात गेली. खरेदीआधी आम्ही एकच अट घातली होती, की आमच्याच तलावात प्रात्यक्षिक झाले पाहिजे. ती अट फार उपयोगी पडली. प्रात्यक्षिकाला आणलेल्या यंत्राला आधी प्लास्टिकचे ब्रश होते. ते सिमेंट प्लास्टरच्या तळावर उत्तम चालतात, पण काचेच्या टाइल्सवर भिंत चढताना घसरत होते. फोमचे ब्रश लावल्यावर तेच यंत्र पाण्याच्या रेषेपर्यंत सहज गेले. हा फोम वाळला की लाकडासारखा कडक होतो. तो पाण्यात मऊ होईपर्यंत यंत्राने भिंत चढावी अशी अपेक्षा करू नये. आम्ही पहिल्याच आठवड्यात यंत्र बिघडले म्हणून तंत्रज्ञाला बोलावले होते आणि त्याने येऊन फक्त ब्रश भिजवले.

या यंत्राचा प्राण त्याच्या फिल्टरमध्ये आहे. फेरी संपल्यावर झाकण उघडले की आत पाहण्यासारखे असते: गुलमोहराची जिऱ्याएवढी पाने, सोनमोहोराच्या पिवळ्या पाकळ्या, केसांचे गुंते, एखादी सुटलेली बँडेजपट्टी आणि या सगळ्यावर कॉफीच्या चोथ्यासारखा मऊ, तपकिरी थर. हा थर शेजारच्या बांधकामांची धूळ आहे आणि तो जाड जाळीत अडकत नाही. म्हणून दोन जाळ्या घ्याव्यात. मार्च ते जून पानाफुलांच्या हंगामात जाड जाळी लावावी आणि एरवी बारीक. बारीक जाळी पानांनी भरली की पाण्याला वाट राहत नाही, ओढ कमी होते आणि यंत्र भिंतीवरून खाली येते. रोबो भिंत चढत नसल्याची तक्रार आली की मी प्रथम जाळीच पाहायला सांगतो. प्रत्येक फेरीनंतर ती ओली असतानाच साध्या नळाच्या पाण्याने धुवावी. एकदा गाळ वाळला की तो सुटता सुटत नाही. या धुण्याला १० मिनिटे आणि दोन-तीन बादल्या पाणी लागते, पण गाळ वाळूच्या फिल्टरमध्ये जात नसल्याने आमचे बॅकवॉश आठवड्याला तीनवरून एकावर आले आहेत.

मात्र रोबो घाण उचलतो, पाणी सुधारत नाही. क्लोरीन कमी पडून शेवाळ धरले तर आधी क्लोरीनची मात्रा वाढवून हाताने ब्रश मारावाच लागतो. मेलेले शेवाळ जाड जाळीतून आरपार जाते आणि पाण्यात हिरवट ढग उठतात. तुरटी टाकून गाळ बसवला असेल, तर तो जुन्या पद्धतीनेच थेट बाहेर सोडावा. पायऱ्या आणि शिडीमागचा कोपरा आमचा रोबो सोडून देतो. तिथे दादांचा हात फिरतो.

देखभालीतल्या दोन-तीन गोष्टी आम्ही आता कटाक्षाने पाळतो. पाण्यात सोडल्यावर यंत्र हलवून आतली हवा बाहेर काढायची, ते तळाशी बसले की मगच बटण दाबायचे. पाण्याबाहेर ते कधीही चालवायचे नाही. काढताना केबलने फक्त पृष्ठभागापर्यंत आणायचे आणि पुढे मुठीला धरून उचलायचे. जास्त क्लोरीन टाकण्याच्या दिवशी यंत्र तलावात नसते, कारण त्याने फोम, रबरी पट्टे आणि केबलचे आवरण लवकर खराब होते. एरवी पीएच ७.२ ते ७.६ दरम्यान ठेवतो. महिन्यातून एकदा केबल पूर्ण उलगडून दिवसभर उन्हात सरळ पसरवतो, म्हणजे तिची वेटोळी जातात. दर पंधरवड्याला खालचे झाकण काढून पंख्याभोवती गुंडाळलेले केस चिमट्याने काढतो. ट्रान्सफॉर्मर काठापासून तीन मीटरहून लांब, सावलीत असतो, विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या ब्रेकरवर जोडलेला असतो आणि रोबो चालू असताना कोणालाही पाण्यात उतरू दिले जात नाही. यासाठी आम्ही पहाटे ४ ते ६ ही वेळ ठेवली आहे.

यंत्राचे नाव इथे लिहिलेले नाही, कारण मॉडेल बदलत राहतात आणि प्रत्यक्षात फरक पडतो तो शहरात सुटे भाग मिळण्याने. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन गोष्टींच्या किमती लेखी घ्याव्यात: फोम ब्रशची जोडी, चालवणारे पट्टे आणि केबल. आमच्या यंत्राचा फोम १४ महिन्यांत झिजला. नवी जोडी पुण्यातच चार दिवसांत मिळाली आणि दादांनी ती स्वतः बसवली. पट्टे अजून मूळचेच आहेत, पण डाव्या पट्ट्याचे दात गुळगुळीत होऊ लागले आहेत, म्हणून पावसाळ्याआधी दोन्ही पट्टे बदलायला सांगितले आहेत.