कार्पेट नवं, खाली कुजलेला पत्रा : जुन्या पद्मिनीच्या मालकांची झालेली फसवणूक

पुण्यातल्या एका प्रीमियर पद्मिनीच्या मालकांनी उन्हाळ्यात गाडीचं आतलं कार्पेट बदलून घेतलं. बिल ३८ हजारांचं. त्यावर पाच ओळी होत्या : इम्पोर्टेड वूल-मिक्स कार्पेट ८ मीटर, संपूर्ण फ्लोअरला बुटाइल डॅम्पिंग (पत्र्याची थरथर मारणारा रबरी थर), फेल्ट अंडरले (कार्पेटखालचा मऊ थर), पत्रा दुरुस्ती आणि रस्ट ट्रीटमेंट, नवे नट-बोल्ट. गाडी हातात आली तेव्हा आतून दृष्ट लागावी अशी दिसत होती. जुलै संपेस्तोवर आत कुबट वास सुटला, मागच्या सीटसमोर पाय दाबला की कार्पेटमधून पाणी वर येऊ लागलं आणि क्लच तळाला टेकवूनही पहिला गिअर खरखर करत पडू लागला. सीटा काढून सगळं उचललं तेव्हा पाचही ओळी खोट्या निघाल्या. कार्पेट हे असं काम आहे की ते पूर्ण झालं की फसवणुकीचा सगळा पुरावा त्याच्याच खाली जातो. म्हणून काय सापडलं, काय असायला हवं होतं आणि ते वेळेवर कसं ओळखायचं, हे सविस्तर देत आहोत.

सगळ्यात गंभीर भाग पत्र्याचा, तेव्हा तिथूनच सुरुवात. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने बनू लागली. हिला वेगळी चासी नाही, मोनोकॉक बॉडी आहे. म्हणजे पायाखालचा पत्रा आणि दाराखालची सिल हाच गाडीचा कणा. तो कुजला तर दारं लटकतात, बंद करताना उचलून लावावी लागतात, आणि अपघातात माणसाला वाचवायला काहीच उरत नाही. या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला सिलच्या जोडाजवळ हाताचा पंजा जाईल एवढं भोक होतं. त्यावर फायबर ग्लासचं कापड, वरून पुट्टी आणि त्यावर काळा डांबरी रंग. बिलात यालाच ‘पत्रा दुरुस्ती’ म्हटलं होतं.

खरी दुरुस्ती अशी असते. कुजलेला भाग चकाकता निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, ०.९ ते १.२ मिमी जाडीचा, म्हणजे २० किंवा १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कापून बसवायचा आणि कडेने सलग वेल्डिंग करायचं. चार ठिकाणी टाके मारून मधल्या फटीत सीलंट भरणं ही दुरुस्ती नव्हे. मग सांध्यांवर फटी बुजवणारं सीम सीलर आणि दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर. खालची बाजू विसरली तर नवा पॅचसुद्धा काही पावसाळ्यांतच खालून सडायला लागतो. जिथे गंज फक्त वरवरचा आहे तिथे वायर ब्रशने सुटे पापुद्रे काढून, फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावून, ते पूर्ण वाळल्यावर प्रायमर मारला तरी चालतो. गंजावर थेट काळा रंग मारणं मात्र सगळ्यात वाईट. आतला ओलावा कोंडतो, गंज चालूच राहतो, फक्त दिसत नाही.

तपासायला काही मोठं लागत नाही. फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून फ्लोअरवरून हळूहळू फिरवा. पत्र्यावर ते ओढ घेतं, पुट्टीवर आणि फायबरवर सुटून येतं. मग स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकत सिलच्या कडेने जा. चांगला पत्रा खणखणतो, पुट्टीची जागा बद्द आवाज देते. शंका येईल तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. कारागीर ‘रंग खराब होईल’ म्हणून अडवू लागला तर तिथे नक्की दाबून पाहा. हे सगळं उघड्या पत्र्यावर करायचं असतं, डॅम्पिंग चिकटवण्याआधी.

या मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर उघड्या फ्लोअरचे फोटो आले होते. स्वच्छ पत्रा, करडा प्रायमर, सगळं नीटनेटकं. नंतर नीट पाहिल्यावर कळलं की फोटोतल्या गाडीत टनेलच्या, म्हणजे फ्लोअरच्या मधोमध असलेल्या उंचवट्याच्या, मध्यावर गिअर लिव्हरचं भोक आहे. यांची पद्मिनी हँडगिअरची, लिव्हर स्टिअरिंगखाली. टनेलला भोक असण्याचा प्रश्नच नाही! दुसऱ्याच गाडीचे फोटो होते. फोटो मागायचेच असतील तर गाडीचा नंबर आणि तारीख लिहिलेला कागद फ्लोअरवर ठेवून, दाराची चौकट दिसेल असे मागा. त्याहून चांगलं म्हणजे स्वतः जा, कामाच्या तीन टप्प्यांवर : जुनं सगळं निघून पत्रा उघडा झाल्यावर, वेल्डिंग आणि प्रायमर झाल्यावर, आणि डॅम्पिंग लागल्यावर. ‘गाडी ठेवून जा, तीन दिवसांनी तयार मिळेल’ असं कोणी म्हटलं तर हिशोब सोपा आहे. वेल्डिंग, सीलर, प्रायमर वाळणं, चिकटवणं हे सगळं प्रामाणिकपणे केलं तर तीन दिवसांत होत नाही.

आता कार्पेटचं माप. पद्मिनीचा व्हीलबेस २.३४ मीटर आणि बाहेरून रुंदी १.४६ मीटर. आतला फ्लोअर याहून लहानच. टनेलच्या बाजू, सिल, पायाशी वर चढणारे तुकडे आणि कापण्यातली नासाडी धरून साधारण ४ ते ४.५ चौरस मीटर माल लागतो, म्हणजे दीड मीटर पन्ह्याचं ३ मीटर कार्पेट. डिकी धरली तरी साडेचार मीटरच्या वर जायचं कारण नाही. बिलात ८ मीटर होते. ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन एकदा मोजा आणि पन्हा किती ते विचारा. नुसते ‘मीटर’ सांगणाऱ्याकडे पन्ह्यातच गोम असते.

आणि माल? ‘वूल-मिक्स’ म्हणून लावलेलं कार्पेट प्रदर्शनाच्या मांडवात अंथरतात ते नॉनवोव्हन पॉलिप्रॉपिलीन निघालं. हे ओळखायला एक सुरेख साधी परीक्षा आहे. कार्पेटच्या वरच्या अंगाचे चार-पाच तंतू चिमटीने उपटा. मागच्या रबराचा किंवा डिंकाचा कण त्यांना चिकटलेला नको. पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर पाण्याच्या ताणामुळे सगळेच तंतू वर अडकून राहतात. आता तंतू बोटाने बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१ च्या आसपास, ते पुन्हा वर येतं. नायलॉन १.१४, पॉलिएस्टर १.३८, लोकर १.३, ही सगळी तळाला जातात. दुकानदाराच्या समोर, दोन मिनिटांत.

बुडालेल्या तंतूंची पुढची ओळख ज्योतीवर होते. हे उघड्यावर करा, चिमट्यात धरून. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझू लागते आणि राख बोटांत चुरडते. नायलॉन वितळून आक्रसतं आणि टोकाला टणक गोळी राहते. पॉलिप्रॉपिलीन मेणबत्तीसारखा वास सोडत थेंब गाळत जळतं. गाडीत ते नको, याला कारण आहे. ते १६५ अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन ६ साधारण २२० ला. ड्रायव्हरच्या टाचेखाली रोज घर्षण होतं, तिथे पॉलिप्रॉपिलीन चकाकतं, मग गुळगुळीत होतं, मग फाटतं. सायलेन्सरचा पाइप जिथून जातो तिथे फ्लोअर तापतो, तिथेही तेच. जळण्याच्या बाबतीत अमेरिकेचं ३०२ क्रमांकाचं मानक गाडीच्या आतल्या साहित्याला मिनिटाला १०२ मिमीपेक्षा जास्त वेगाने जळू देत नाही. आपल्याकडे यासाठी आयएस १५०६१ आहे. गाडीसाठीचं म्हणून विकलेल्या मालावर यांपैकी कशाचाही उल्लेख नसेल तर तो घरगुती किंवा मांडवाचा माल समजा.

‘ओरिजिनल’ या शब्दावरही पैसे लावले जातात. पद्मिनीचं उत्पादन केव्हाच थांबलं. न वापरलेला जुना साठा कुठे सापडला तर गोष्ट वेगळी, एरवी मिळतं ते सगळं आत्ता शिवलेलं. त्यात कमीपणा काही नाही. गाड्यांच्या सीटा आणि कार्पेट शिवणारा चांगला कारागीर लूप-पाइल (वेढ्यांच्या विणीचं) नायलॉन घेऊन, जुन्या तुकड्यांवरून कागदी फर्मे काढून, कडांना रेक्झिनचा गोट शिवून उत्तम सेट करून देतो. फक्त त्याला ओरिजिनलचा भाव देऊ नका, आणि जुने तुकडे कितीही फाटके असले तरी काम संपेपर्यंत टाकू देऊ नका. माप, भोकांच्या जागा, गोटाची पद्धत, सगळं त्यांच्यावरच असतं.

डॅम्पिंगची ओळ वाचून वाईट वाटलं, कारण इथे काम सोपं होतं. बुटाइलच्या साधारण २ मिमी जाड, वरून अ‍ॅल्युमिनियम असलेल्या शीट्स येतात. पत्र्याची थरथर मारायला प्रत्येक सपाट भागाचा पाव हिस्सा झाकला तरी बराच फरक पडतो. संपूर्ण फ्लोअर मढवायची गरजच नसते. इथे पैसे संपूर्ण फ्लोअरचे घेतले आणि पट्ट्या लावल्या फक्त दाराच्या कडेला, कार्पेटचं टोक उचललं की दिसतील एवढ्या. त्याही बुटाइलच्या नव्हत्या, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी टेप होती. बंद गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी राहिली की ती मऊ होऊन ओघळते आणि डांबराचा वास महिनोन्‌महिने जात नाही. लावण्याआधी एक तुकडा काळ्या पत्र्यावर चिकटवून दिवसभर उन्हात उभा ठेवा. घसरला किंवा वास सुटला तर परत करा. शिवाय पाणी निचरायची (ड्रेनची) भोकं मोकळी ठेवून त्यांना नवी रबरी बुचं बसवायची असतात. इथे टेप थेट त्यांच्यावरून गेली होती.

फेल्टच्या जागी सोफ्यात घालतात तो स्पंज निघाला. उघड्या पेशींचा फोम पाणी पितो आणि धरून ठेवतो. कार्पेट वरून कोरडं वाटतं, खाली पत्रा पंधरवडा ओला असतो. तागाचं फेल्ट चांगलं, पण तेही भिजलं तर कुजतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात बंद पेशींचा पीई (पॉलिइथिलीन) फोम जास्त शहाणपणाचा. आणि मुळात पाणी येतं कुठून ते आधी शोधायला हवं. यांच्या गाडीत ते पुढच्या काचेच्या बीडिंगच्या (रबरी पट्टीच्या) खालच्या कोपऱ्यातून येऊन सिलमार्गे मागे वाहत होतं. कार्पेट टाकण्याआधी पंधरा मिनिटं होस पाइपने काच, दारं, डिकी भिजवायची आणि आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवायचा. कुठे भिजला ते लगेच दिसतं. ही चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही, असं आधीच लिहून घ्या.

या स्पंजाचाच दुसरा त्रास क्लचला झाला. पेडलखाली जवळपास इंचभर थर झाला, पेडल पूर्ण खाली जाईना, क्लच सुटेना. अ‍ॅक्सिलरेटरखाली हे झालं तर त्याहून घातक, कारण जाड कार्पेटची सुटलेली कड पेडल दाबलेलंच अडकवू शकते. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळाला दाबावं आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून कार्बोरेटरची थ्रॉटल लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकते का, सोडल्यावर झटकन परत येते का, ते पाहावं. पेडलच्या आजूबाजूला अंडरले नसावाच, नुसतं कार्पेट आणि तेही घट्ट चिकटलेलं. चिकटवायला उष्णता सोसणारं सिंथेटिक रबर अ‍ॅडहेसिव्ह, दोन्ही पृष्ठभागांना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबून. सुतारकामाचा पांढरा डिंक ओलाव्याने पुन्हा सुटतो. इथे तोच होता.

राहिले बोल्ट. सीटबेल्टच्या अँकरला बहुतेक गाड्यांमध्ये ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा बोल्ट असतो. ‘नवे नट-बोल्ट’ म्हणून तिथे १० मिमीचे साधे बोल्ट घुसवले होते. ७/१६ म्हणजे ११.१ मिमी, त्यामुळे १० मिमीचा बोल्ट नुसता टेकतो, आटे धरत नाही. पाना लावायचीही गरज पडली नाही, बोटांनी निघाले. जुने बोल्ट मूळ असतील तर तेच साफ करून परत लावायला सांगा. सीटचे बोल्ट बदललेच तर डोक्यावर मजबुतीचा दर्जा सांगणारा ८.८ हा आकडा कोरलेला आहे का ते पाहा, आणि सीटच्या पट्ट्यांखालचा अंडरले कापून काढायला लावा, नाहीतर बोल्टची लांबी मऊ थरातच खर्च होते.

कार्पेटला बोल्टसाठी भोक पाडताना ड्रिल कधीच चालवायचं नाही. लूपचा धागा बिटला गुंडाळला जातो आणि हातभर ओळ उसवते. खालून टोच्या घालून जागा शोधायची आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोक करायचं, म्हणजे नायलॉनच्या कडा तिथेच वितळून बंद होतात. या गाडीत तर कार्पेट जागेवर धरायला सेल्फ-टॅपिंग स्क्रू थेट फ्लोअरमध्ये मारले होते. पद्मिनीची टाकी मागे आणि इंजिन पुढे, म्हणजे पेट्रोलची नळी आणि मागच्या ब्रेकची नळी दोन्ही याच फ्लोअरखालून जातात. एक स्क्रू ब्रेकच्या नळीपासून बोटभर अंतरावर होता.

असं काही सापडलं तर सगळं एकदम उखडून फेकू नका. प्रत्येक थर उचलताना व्हिडिओ काढा, कार्पेट, टेप आणि फोमचा एकेक तुकडा आणि ते बोल्ट पिशवीत ठेवा, बिलाची मूळ प्रत जपा. दुसऱ्या गॅरेजकडून सापडलेल्या दोषांचा लेखी अहवाल सही-शिक्क्यासह घ्या आणि मगच आधीच्या गॅरेजला लेखी नोटीस द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फी लागत नाही. बिल मात्र हवंच. ‘बिलाशिवाय करा, दोन हजार कमी’ ही सवलत घेतली की कागदावर तुम्ही त्या गॅरेजचे ग्राहकच उरत नाही.