खंजेरी भजनाला इकोवाला ॲम्प्लिफायर की इफेक्टचा मिक्सर?

भजन स्पर्धा जवळ आल्या की मंडळाची वर्गणी जमते आणि वाद सुरू होतो. मी मिक्सरच्या बाजूचा, म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज वेगळा सांभाळून मग एकत्र करणाऱ्या यंत्राच्या. एकच अडचण आहे, ती शेवटी सांगतो.

इको म्हणजे तोच आवाज जरा वेळानं परत येणं, विहिरीत हाक मारल्यासारखा. रिव्हर्ब म्हणजे असंख्य बारीक पडसाद एकमेकांत मिसळून मागं राहिलेली आस.

स्वस्तातल्या इको सर्किटमध्ये बहुतेक वेळा पीटी २३९९ ही चिप असते. आवाज साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत उशिरा परत द्यायचा तर ती बरी चालते, पुढं खरखर वाढते. ठेका मिनिटाला १२० ठोक्यांचा असेल तर एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद लागतात. म्हणून इको पूर्ण ठोक्यावर बसत नाही, अर्ध्यावर म्हणजे २५० वर बसतो. अन् गोड वाटतो, खोटं काऊन बोला! पण खंजेरी भजन त्या लयीत थांबते थोडीच? शेवटच्या कडव्याला गडी १६० वर गेले की अर्धा ठोका १८७-८८ वर येतो, बटण मात्र २५० वरच. इको मधेच कुठंतरी आदळतो आणि मागं म्हणणारे बिचकतात.

त्याहून मोठं दुखणं वेगळंच. बऱ्याच ॲम्प्लिफायरांत इकोचं बटण सगळ्या माइकांना मिळून एकच असतं. गायकासाठी फिरवलं की खंजेरीच्या चकत्यांचा छनछनाटही दुप्पट होतो. मागं बसलेल्या आजीला ‘मन’ ऐकू आलं की ‘मान’, देव जाणे. तुकडोजी महाराजांनी खंजेरी हाती घेतली ती गावाला चार गोष्टी सांगायला. शब्दच गेला तर उरलं काय?

मिक्सरवर प्रत्येक माइकच्या रांगेत इफेक्टचं, म्हणजे इको-रिव्हर्बचं, वेगळं बटण असतं. गायकाला थोडा रिव्हर्ब द्या, पेटीला त्याहून कमी, खंजेरीचं बटण पार बंद. मिक्सरमधले तयार इफेक्ट, म्हणजे प्रोग्राम, सोळा असोत की नव्याण्णव, कामाचे दोनच: छोटा हॉल आणि प्लेट (थरथरत्या पत्र्यासारखा रिव्हर्ब). बाकीचे पोरांना खेळायला.

जागाही पाहा. टिनाच्या सभामंडपात आवाज आधीच घुमतो, तिथं रिव्हर्ब शून्यावर ठेवा. धान कापलेल्या बांधीत किंवा शाळेच्या पटांगणात आवाज कोरडा पडतो, तिथं तो खरा उपयोगी. मात्र जास्त दिला तर माइक लवकर शिट्टी मारतो. शिट्टी आली की आधी इफेक्ट कमी करा, व्हॉल्यूम नंतर.

आता ती अडचण. गावात लाइन गेली तर इकोवाला ॲम्प्लिफायर बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, ट्रॅक्टरची काढून लावली तरी भागतं. मिक्सरला इन्व्हर्टर लागतो, शिवाय वेगळा ॲम्प्लिफायर. तुमच्याकडं जुना ॲम्प्लिफायर पडून असेल तर तो विकू नका, भाऊ. त्याचा इको शून्यावर ठेवा आणि मिक्सरची वायर त्याच्या लाइन इनमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकात, घाला.